दाबाच्या हवेचा हिशेब

मोटारीच्या इंजिनाची ताकद पेट्रोलवर ठरते असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात ती इंजिनाला मिळणाऱ्या हवेवर ठरते. कारण पेट्रोल हवे तितके सोडता येते, परंतु ते पुरते जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते आणि साधे इंजिन ही हवा पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने, म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या मेहेरबानीवर, आत घेत असते. सुपरचार्जर ही मेहेरबानी संपवतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा पंप बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरात अधिक हवा आणि तिच्या प्रमाणात अधिक पेट्रोल मावते. टर्बोचार्जर हेच काम जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर करतो, तर सुपरचार्जर खुद्द इंजिनाकडून ताकद उसनी घेऊन ती सव्याज परत करतो, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

हे व्याज येते कुठून, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात प्रस्तुत लेखकाची सुमारे बारा वर्षे गेली. कारखान्यात घडवलेल्या प्रत्येक गाडीत तिच्या रचनाकारांनी थोडी शिल्लक राखून ठेवलेली असते: गॅस्केट नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब सोसते, पेट्रोलपंप लागते त्याहून थोडे अधिक पेट्रोल देऊ शकतो, गिअरबॉक्समधील क्लच रोजच्या ओझ्यापेक्षा जड ओझे उचलू शकतात. ही गंगाजळी वाईट रस्ते, हलके पेट्रोल, उन्हाळा आणि वय यांच्यासाठी ठेवलेली असते. सुपरचार्जर नवी ताकद निर्माण करतो असे वाटते, पण बऱ्याच अंशी तो ही गंगाजळी खर्चाला काढतो. आणि ज्या गाडीचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असतो, तिच्यात ही शिल्लक सर्वांत आधी कुठे संपते हे बॉनेट उघडून दिसत नाही. या लेखातील सर्व अनुभव या एका विधानाभोवती फिरतात.

ज्या गाडीवर हे शिक्षण झाले ती 1990 सालची फोर्ड मस्टँग होती: कापडी छप्पर उघडता येणारी, आठ सिलिंडरांचे 302 घनइंची, म्हणजे सुमारे 4.9 लिटरचे इंजिन असलेली आणि चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावलेली. 1979 ते 1993 या काळात निघालेल्या या पिढीला तिच्या सांगाड्याच्या नावावरून अमेरिकेत ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. 4.9 लिटरच्या इंजिनाला जाहिरातीत आणि बोलण्यातही ‘5.0’ म्हटले जाई. 225 अश्वशक्ती आणि सुमारे 407 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ही तिची मूळ ताकद. पुण्यात यंत्रशास्त्र शिकून नोकरीनिमित्त डेट्रॉइटजवळ स्थायिक झालेल्या लेखकाने ती 2006 साली विकत घेतली, तेव्हा ऑटोमॅटिक गाडीच हवी असा काही आग्रह नव्हता. पाच गतींच्या मॅन्युअल गाडीला हौशी लोकांत मागणी अधिक असल्यामुळे ऑटोमॅटिक स्वस्त मिळाली, एवढेच त्यामागचे प्रामाणिक कारण होते.

मिशिगनमध्ये ‘वीकएंडची गाडी’ ही चैनीइतकीच हवामानाची गरज असते. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि ते जुन्या गाडीचा पत्रा काही वर्षांत खाऊन टाकते. त्यामुळे जपायची गाडी नोव्हेंबरात गॅरेजमध्ये झाकून ठेवायची आणि एप्रिलच्या पावसाने रस्ते धुऊन निघाल्यावर बाहेर काढायची, असा तिथला रिवाज आहे. उन्हाळ्याच्या उरलेल्या महिन्यांत अशा गाड्यांना मिरवायला जागाही असते. डेट्रॉइटहून वायव्येला पाँटियॅककडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. त्या दिवशी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात आणि अशा गर्दीत डाव्या पायाला क्लचचे काम नसणे हे सुखच वाटते.

सुपरचार्जर या कल्पनेचा उगम मोटारीत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 साली दोन फिरत्या पंखड्यांच्या हवेच्या पंपाचे पेटंट घेतले आणि तो भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरला गेला. मर्सिडीजने 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या गाड्या विक्रीसाठी मांडल्या. फोर्डनेही 1957 च्या थंडरबर्डच्या थोड्या गाड्यांवर सुपरचार्जर देऊन 300 अश्वशक्तीची नोंद केली होती. फॉक्स बॉडी मस्टँगवर कंपनीने तो कधी दिला नाही. पण 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातील उद्योगांनी या गाडीसाठी तयार संच बाजारात आणले आणि पुली, ब्रॅकेट, नळ्या व पट्टा असलेले ते खोके घरच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार-रविवारांत बसवता येऊ लागले. ते काम सोपे वाटणे हाच या छंदातला पहिला सापळा आहे.

सुपरचार्जरांचे ठळक प्रकार दोन. पहिला रूट्स बंधूंच्या वंशातला: तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा पुढे ढकलतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही दाब मिळतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच पिकअप जाणवतो. दुसरा केंद्रोत्सारी: त्यात पंखा मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेऊन हवा बाहेरच्या कडेला फेकतो आणि त्यापासून दाब तयार होतो. या दुसऱ्या प्रकारात दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे निम्मे झाले की दाब चौथ्या हिश्शावर येतो. इंजिन 5000 फेऱ्यांवर असताना 6 पीएसआय दाब मिळत असेल, तर 2500 वर जेमतेम दीड पीएसआय उरतो. (पेट्रोलपंपावर टायरमध्ये ‘तीस’ किंवा ‘बत्तीस’ भरायला सांगितले जाते, तेच हे पीएसआय, वातावरणाचा स्वतःचा दाब 14.7 पीएसआय असतो.)

ऑटोमॅटिक गाडीला यातला कोणता प्रकार सोसेल, हा प्रश्न लेखकाने खरेदीपूर्वी नीट विचारला नाही. स्वस्त मिळालेला संच केंद्रोत्सारी होता, म्हणून तो घेतला. त्या निवडीचे गुणदोष पुढे गिअरबॉक्सनेच समजावून दिले. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गतीचे गुणोत्तर 2.40 आणि दुसऱ्याचे 1.47 आहे, त्यामुळे 5000 फेऱ्यांवर गती बदलली की फेरे एकदम सुमारे 3060 वर येतात आणि 6 पीएसआयचा दाब सव्वादोनपर्यंत घसरतो. दाबातला हा खड्डा पाठीला जाणवतो. चौथ्या, म्हणजे ओव्हरड्राइव्ह गतीत ताशी 97 किलोमीटरला इंजिन जेमतेम दीड हजार फेऱ्यांवर असते, तिथे तर सुपरचार्जर नावापुरताच फिरतो. सुरुवातीला हा दोष वाटला. पण गाडी जागेवरून उचलताना, जेव्हा गिअरबॉक्सवर सर्वांत मोठा झटका येतो, तेव्हा जादा दाब जवळजवळ शून्य असतो, ही सवलत किती मोलाची आहे हे गिअरबॉक्स एकदा उघडल्यावरच कळले.

बसवण्याच्या कामात एकच टप्पा असा होता की तिथे हात थरथरला. या संचाच्या सुपरचार्जरला वंगण इंजिनाच्याच ऑइलचे लागते आणि वापरलेले ऑइल परत येण्यासाठी इंजिनाच्या खालच्या ऑइल चेंबरला भोक पाडावे लागते. ड्रिल वापरले तर लोखंडाचा कीस आत पडतो, म्हणून टोकदार पंचाने पत्रा ठोकून भोक पाडायचे, ते रुंदावत न्यायचे, आटे पाडताना हत्यारावर जाड ग्रीस थापायचे आणि कीस ग्रीसला चिकटवून बाहेर काढायचा, अशी रीत असते. ती माहीत असूनही ऑइल बदलताना निघालेल्या पहिल्या तेलात दोन चकाकते कण दिसले, तेव्हा पुढच्या हजार किलोमीटरांत तीनदा ऑइल बदलले. सुस्थितीतल्या इंजिनाला पहिल्यांदा भोक पाडताना जी धास्ती वाटते, ती पुढे कामाला आली. कारण जो धास्ती विसरला त्याचे नुकसान झाल्याची उदाहरणे नंतर आसपास दिसत गेली.

दाब मिळाला म्हणजे तेवढी ताकद मिळाली, हा दुसरा गैरसमज. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचे तोंड तापते. हवा दाबली की ती तापतेच. जुलैत बाहेर 30 अंश असताना हवा 6 पीएसआयने दाबली आणि पंपाची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती सुमारे 74 अंशांवर जाते. दाब 41 टक्के वाढतो, पण तापलेली हवा विरळ असल्यामुळे घनता सुमारे 23 टक्केच वाढते. शिवाय हे दाबणे करण्यातच दहा-पंधरा अश्वशक्ती खर्च होते. आता लहान पुली लावून दाब 9 पीएसआयवर नेला, तर हवा 93 अंशांवर पोचते आणि घनतेची वाढ 33 टक्के होते. म्हणजे दाब दीडपट केल्यावर पदरी पडतात ते घनतेचे दहा टक्के, आणि त्यांच्यासोबत येते एकोणीस अंशांची जादा उष्णता. ही आकडेमोड एका कागदावर मावते. पण लेखकाने ती लहान पुली विकत घेण्याच्या आधी न करता नंतर केली, हे कबूल करायला हवे.

उष्णतेचा धोका ‘नॉकिंग’ या शब्दात सामावलेला आहे. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरात क्रमाने पसरणे अपेक्षित असते. परंतु मिश्रण आधीच फार तापलेले आणि दाबलेले असेल, तर ज्वाला पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. नॉकिंग टाळण्याचे उपाय तीन: चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे अधिक आणि ठिणगी जरा उशिरा देणे. या इंजिनात ठिणगीचे मूळ टायमिंग पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या 10 अंश आधी असते. साध्या गाडीवर हौशी लोक ते 14 करतात आणि पिकअप सुधारतो. सुपरचार्जर बसल्यावर ते पुन्हा 10 वर आणावे लागते आणि दर पीएसआयमागे साधारण एक अंश उशीर करणारी पेटी वेगळी बसवावी लागते. एका सहकाऱ्याने तसल्याच गाडीवर टायमिंग 14 वर तसेच ठेवले, कारण 10 वर गाडी त्याला आळशी वाटे. जुलैच्या एका दुपारी त्याच्या गाडीतून पांढरा धूर निघू लागला आणि हेड उघडल्यावर दोन सिलिंडरांमधली गॅस्केट फुटलेली दिसली. 1992 पर्यंतच्या या इंजिनांत पिस्टन फोर्ज केलेले, म्हणजे घडीव धातूचे असत, म्हणून ते वाचले. शिलकीत उरलेल्या एका चांगल्या गोष्टीने त्याला सांभाळून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

पेट्रोलचा हिशेब याहून फसवा निघाला. मूळ गाडीचे इंजेक्टर ताशी 19 पौंड पेट्रोल देणारे, पंप ताशी 88 लिटरचा आणि नळीतला दाब सुमारे 39 पीएसआयचा. संचासोबत आलेल्या नियंत्रकाची युक्ती अशी, की हवेचा दाब वाढला की पेट्रोलचा दाब त्याच्या बारा पट वाढवायचा. म्हणजे 6 पीएसआयला 72 ची भर पडून पेट्रोलचा दाब 111 पर्यंत जातो. प्रवाह मात्र दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे दाब जवळजवळ तिप्पट करूनही पेट्रोल साधारण 1.6 पटच मिळते, आणि इतक्या दाबाविरुद्ध ढकलताना मूळ पंपाची दमछाक होते. पहिल्या उन्हाळ्यात चार हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी हलके नॉक करू लागली, तेव्हा दोष टायमिंगचा समजून ते आणखी मागे घेतले, महागडे पेट्रोल भरले, प्लग बदलले. शेवटी पेट्रोलच्या नळीवर दाबमापक लावून तो काचेवर चिकटवून गाडी चालवली, तेव्हा काटा 111 ऐवजी 80 च्या आसपास अडखळताना दिसला. टाकीत मोठा पंप टाकल्यावर आवाज बंद झाला. जे लक्षण ठिणगीचे वाटत होते ते पेट्रोलच्या उपासमारीचे होते, आणि तीन महिने मोजमापाऐवजी अंदाजावर काढल्याची लाज अजून वाटते.

आता गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो: समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आणि त्यांच्यामध्ये तेल, अशी ही रचना असून एक पंखा तेल ढकलतो आणि दुसरा त्या तेलाने फिरतो. त्यापुढे ग्रहमालेसारखे गिअर असतात आणि कोणता गिअर धरायचा, कोणता सोडायचा हे तेलाच्या दाबाने आवळणारे क्लच आणि पट्टे ठरवतात. हा तेलाचा दाब पुरेसा असला तर क्लच घट्ट धरतो. कमी पडला तर तो घसरतो, घसरला की तापतो आणि तापला की जळतो. या मॉडेलमध्ये तेलाचा दाब किती हवा हे गिअरबॉक्सला एका साध्या केबलने कळते. तिचे एक टोक थ्रॉटलला, म्हणजे हवेच्या झडपेला जोडलेले असते, आणि झडप जितकी उघडी तितका दाब जास्त, असा हा सरळ करार असतो.

या करारात खोच अशी, की केबल झडप किती उघडली आहे एवढेच सांगते. झडपेतून किती दाबाची हवा चालली आहे हे तिला माहीत नसते. सुपरचार्जर नसताना पूर्ण उघडलेली झडप म्हणजे 407 न्यूटन-मीटर, आणि त्या बेताने क्लचवरचा दाब ठरलेला. सुपरचार्जर बसल्यावर पूर्ण उघडलेली झडप म्हणजे पाव ते एक तृतीयांश अधिक टॉर्क, पण केबल मात्र तोच जुना निरोप नेत राहते. गिअरबॉक्सला वाढीव ओझ्याची खबर मिळतच नाही. संचासोबतच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ होती; ती लेखकाने वाचली होती आणि ‘पुढे पाहू’ म्हणून सोडली होती.

पुढे पाहण्याची वेळ एका ऑगस्टच्या जत्रेत आली. केबल थ्रॉटलला ज्या ठिकाणी अडकते तिथे प्लास्टिकचे एक लहानसे बुश असते. वीस वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटले आणि केबल सैल पडली. त्या दिवशी गाडीचे गिअर लोण्यासारखे बदलू लागले. मागच्या सीटवरच्या पाहुण्यांनी गाडीचे कौतुक केले, लेखकालाही बरे वाटले आणि तशीच गाडी वीस-बावीस किलोमीटर चालवून घरी आणली. पुढच्या रविवारी तिसऱ्या गतीत इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी पुढे सरकली नाही. मऊपणा हे घसरण्याचे लक्षण होते. ऑटोमॅटिकमध्ये गती बदलताना प्रवाशाला काहीच जाणवत नसेल, तर क्लच आवळायला नको तितका वेळ लागतो आहे आणि त्या वेळात तो झिजतो आहे, असा संशय घ्यावा. निरोगी गिअरबॉक्स थोडा ठाम धक्का देतोच. या कामाने शिकवलेल्या धड्यांत हा सर्वांत उलटा आणि म्हणून सर्वांत मोलाचा धडा ठरला.

गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी प्रथम एका मोठ्या दुकानात नेला. तिथे तो पूर्ण नव्यासारखा केल्याची पावती मिळाली आणि पाचशे किलोमीटरांत तिसरी गती पुन्हा घसरू लागली. नंतर भेटला तो गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, घरामागच्या शेडमध्ये काम करणारा एक वृद्ध कारागीर. त्याने गाडी उचलण्यापूर्वी डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसली, तेलाचा लालपणा जाऊन आलेला तपकिरी रंग दाखवला आणि जळका वास घ्यायला लावला. मग गिअरबॉक्सच्या चाचणीच्या छिद्राला दाबमापक लावून केबलच्या टोकाशी ठरावीक जाडीचा ठोकळा ठेवला आणि इंजिन मंद फिरत असताना काटा पस्तीसच्या आसपास असायला हवा तो विसाच्याही खाली असल्याचे दाखवले. दुकानाने आतले सगळे बदलले होते, पण ज्या कारणाने जुने जळले ते केबलचे माप कोणी तपासलेच नव्हते. त्याने बुश पितळी बसवले, दाब वाढवणारी स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बदलले, क्लचच्या चकत्या वाढवल्या आणि हे सगळे करून झाल्यावर एकच अट घातली: ओव्हरड्राइव्हमध्ये असताना पाय पूर्ण दाबायचा नाही. कारण या गिअरबॉक्सच्या चौथ्या गतीत कन्व्हर्टरचे तेल मध्ये नसतेच. सगळा टॉर्क एका बारीक दांड्यातून थेट जातो आणि तो एका अरुंद पट्ट्याने धरून ठेवलेला असतो. तिसऱ्या गतीतही सुमारे 60 टक्के जोर त्याच दांड्यातून जातो. कन्व्हर्टर हा जसा आळशी तसा धक्के पचवणारा. तो बाजूला झाला की धक्का सरळ लोखंडावर येतो.

उष्णतेबाबतही हा कारागीर कडक होता. ऑटोमॅटिकच्या तेलाबद्दल धंद्यात एक ढोबळ नियम सांगितला जातो, की ते सुमारे 80 अंशांच्या वर दर अकरा-बारा अंशांना निम्मे आयुष्य गमावते. मूळ गाडीत हे तेल रेडिएटरच्या टाकीतल्या नळीत थंड होते, म्हणजे ते इंजिनाच्या पाण्याहून फारसे थंड होऊ शकत नाही. आणि सुपरचार्जरने तेच पाणी अधिक तापवलेले असते. समोरच्या जाळीमागे वेगळा ऑइल कूलर बसवला आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा तापमापक डॅशबोर्डखाली लावला. त्यानंतर लक्षात आले, की तेल सर्वांत जास्त तापते ते वेगात नव्हे, तर वुडवर्डवरच्या रांगेत, कारण तिथे कन्व्हर्टर सतत तेल घुसळत राहतो आणि समोरून वारा येत नाही. ज्या गर्दीसाठी ऑटोमॅटिक सोयीचा वाटला होता, तीच गर्दी त्याच्या तेलाला सर्वांत महाग पडत होती.

लहान पुलीची कथा याच काळातली आहे. गिअरबॉक्स पक्का झाल्यावर 9 पीएसआयचा मोह झाला आणि पुली बदलली. पट्टा लहान पुलीवर कमी लांबीवर टेकत असल्यामुळे तो घसरून किंचाळू लागला, मापकावर नऊऐवजी सात दिसू लागले, पट्टा ताणला तर पुढच्या बेअरिंगवर ताण येऊ लागला. पेट्रोलचा दाब नऊला 147 पर्यंत न्यायचा म्हणजे मोठे इंजेक्टर आणि त्यासाठी नवे संगणकीय ट्युनिंग, अशी साखळी पुढे दिसू लागली. एक गोष्ट वाढवली की तिच्या पलीकडची गोष्ट उघडी पडते, आणि या साखळीच्या शेवटी इंजिनाचा ओतीव ब्लॉक उभा असतो, जो सुमारे 500 अश्वशक्तीच्या आसपास मधोमध तडकल्याची उदाहरणे या छंदातल्या लोकांना चांगली परिचित आहेत. एका उन्हाळ्यानंतर जुनी पुली परत लावली. हा निर्णय पराभवासारखा वाटला, पण त्यानंतरच्या सात वर्षांत गाडी एकदाही टो करून आणावी लागली नाही, हेही तितकेच खरे.

हिवाळ्याने शिकवलेले थोडके सांगायचे तर, पाच महिने उभ्या राहिलेल्या ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते आणि एप्रिलमध्ये गिअर टाकल्यावर काही क्षण गाडी हलत नाही. अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटर दाबणे ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया होय. इंजिन मंद फिरू द्यावे, तेल भरू द्यावे आणि मग गिअर टाकावा. ब्रेकचा विचारही सुपरचार्जरआधीच व्हायला हवा, कारण मागच्या चाकांना ड्रमब्रेक असलेल्या या गाडीचे ब्रेक मूळ ताकदीलाच जेमतेम पुरे पडत होते.

महाराष्ट्रातील वाचकाने हे वाचून असाच उद्योग करायचे मनात आणले, तर त्याला कायद्याचा मुद्दा आधी पाहावा लागेल. मिशिगनमध्ये गाड्यांच्या धुराची नियमित तपासणी होत नाही; कॅलिफोर्नियात मात्र सुपरचार्जरच्या संचाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करण्यास मनाई आहे. पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत हात अत्यंत कुशल आहेत, परंतु हाताचे कौशल्य हा परवाना नव्हे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे हे काम करणाऱ्याने क्रम उलटा लावावा, असे या बारा वर्षांचे सांगणे आहे. बहुतेक जण आधी सुपरचार्जर घेतात आणि मग एकेक भाग तुटेल तसे पुढचे घेत जातात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले आणि त्यात गिअरबॉक्सवर दोनदा पैसे भरले. त्याऐवजी प्रथम गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब आणि तापमान मोजावे, केबल आणि तिचे बुश तपासावे, ऑइल कूलर बसवावा, मग पेट्रोलचा पंप आणि नळीतला दाब पाहावा, त्यानंतर ब्रेक, आणि इतके सगळे जागेवर असले तरच शेवटी सुपरचार्जरचे खोके उघडावे. आणि पहिले दोन उन्हाळे तरी 6 पीएसआयच्या वर जाऊ नये. दाबमापक दोन-तीन हजार रुपयांत मिळतो. पहिली खरेदी त्याची असावी.